चार बोटांची भिंत

इंडक्शन भट्टीत वितळलेलं लोखंड साधारण १५०० अंश सेल्सियसला घुसळत असतं. त्याच्यापासून चार-पाच बोटांवर तांब्याची कॉइल असते आणि कॉइलच्या पोकळीतून पाणी वाहत असतं, हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम. मधे असते गारगोटीच्या चुऱ्याची, ठोकून बसवलेली एक भिंत. ती कुठे तुटली तर धातू पाण्याला भिडतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि भट्टी फुटते. भट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा जीव या चार बोटांवर अवलंबून असतो.

कारखान्यात हिला लायनिंग म्हणतात. आपला अस्तर हा शब्दही तिला चपखल बसतो: कपड्याचं अस्तर बाहेरून दिसत नाही, पण कपडा अंगावर नीट बसतो तो त्याच्यामुळे. ज्या पदार्थांचं हे अस्तर बनतं त्यांना पुस्तकात उच्चतापसह पदार्थ म्हणतात, बोलताना रिफ्रॅक्टरी. पोलाद, सिमेंट, काच, तांबं, चुना, यातलं काहीही त्यांच्याशिवाय तयार होत नाही.

रिफ्रॅक्टरीबद्दल नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: हे किती अंशांना वितळतं? आकडे सांगता येतात. सिलिका, म्हणजे गारगोटीचं मूळ द्रव्य, १७०० च्या थोडं वर; अॅल्युमिनियमचा ऑक्साइड अॅल्युमिना सुमारे २०५०, झिर्कोनियमचा झिर्कोनिया २७०० च्या आसपास, मॅग्नेशियमचा मॅग्नेशिया २८००. आकडे खरे आहेत, पण विटेचं आयुष्य त्यांच्यावर ठरत नाही. निव्वळ आचेनं वितळून गेलेली वीट क्वचितच सापडते. विटा जातात त्या शेजाऱ्यामुळे, सांध्यामुळे, पाण्यामुळे आणि तापवण्याच्या घाईमुळे. या चारांपैकी घाईनं जितकी अस्तरं वाया जातात, तितकी दुसऱ्या कशानंच जात नसावीत.

आधी शेजाऱ्याचं बघू. शुद्ध सिलिका १७०० पर्यंत टिकते, शुद्ध अॅल्युमिना २०५० पर्यंत. दोन्ही मिसळले, शंभरात पाच-सहा भाग अॅल्युमिना आणि बाकी सिलिका, तर ते मिश्रण १५९० च्या आसपासच पातळ होतं. दोन भक्कम पदार्थ एकत्र येऊन कच्चा पदार्थ तयार होतो. म्हणून काचभट्टीच्या छताच्या उत्तम सिलिका विटेत अॅल्युमिना अर्ध्या टक्क्याच्या आत राखतात. आणि म्हणूनच सिलिका विटेला सिलिकाचाच मॉर्टर, म्हणजे सांधे भरायचा लगदा, लागतो. सिलिका विटांच्या सांध्यात हाताशी असलेला उच्च अॅल्युमिना मॉर्टर भरला, तर बांधकाम थंड असताना कुठेही चूक दिसत नाही. भट्टी पूर्ण तापली की सांधे पाझरायला लागतात आणि दोष विटेच्या माथी मारला जातो.

पोलादाच्या इतिहासातलं एक मोठं वळणही याच शेजारधर्मातून आलं. इंग्रज संशोधक हेन्री बेसेमरच्या १८५६ च्या पद्धतीत कन्व्हर्टरला (हवा फुंकून लोखंडाचं पोलाद करायच्या भांड्याला) सिलिकाचं, म्हणजे आम्ल स्वभावाचं अस्तर असे. लोखंडातला फॉस्फरस काढायचा तर स्लॅगमध्ये, म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या मळीत, चुना हवा, आणि चुना घातला की तो सिलिकाचं अस्तर खाऊन टाकणार. त्यामुळे फॉस्फरस असलेलं खनिज या पद्धतीला निरुपयोगी ठरत होतं. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस आणि त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी भाजलेल्या डोलोमाइटचं, म्हणजे अल्कधर्मी अस्तर वापरून हा पेच सोडवला. १८७९ मध्ये इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोला त्याचं प्रात्यक्षिक झालं. अस्तर बदललं, म्हणून चुना घालता आला, म्हणून फॉस्फरस निघाला. फॉस्फरसनं भरलेला तो स्लॅग पुढे खत म्हणून विकला गेला.

वितळबिंदूच्या आकड्यावर विसंबू नये याचं दुसरं कारण म्हणजे भार. जर्मन रसायनतज्ज्ञ हेर्मान झेगरनं १८८६ मध्ये मातीचे छोटे शंकू आणले. ठरलेल्या तापाला पोचला की शंकू स्वतःच्याच वजनानं वाकतो आणि त्याचं टोक खाली टेकतं. विटेच्या पदार्थाचाही असाच शंकू करून तपासतात. चांगली फायरक्ले वीट, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीची वीट, या चाचणीत १७०० च्या आसपास पोचते. पण तिच्याच तुकड्यावर दर चौरस सेंटिमीटरला २ किलो भार ठेवून तापवलं, तर १४०० च्या आसपासच ती दबायला लागते. भट्टीच्या कमानीतली वीट रिकाम्या हाताने उभी नसते, शेजारच्या विटांचा रेटा ती सतत घेत असते. म्हणून खरेदीच्या कागदावर शंकूचा आकडा मोठ्या अक्षरात आणि भाराखालचा आकडा गायब असेल, तर तो आधी मागून घ्यावा.

आता पुन्हा त्या चार बोटांकडे. इंडक्शन भट्टीचं अस्तर म्हणजे कोरडा रॅमिंग मास: ९८ टक्क्यांहून जास्त सिलिका असलेल्या गारेचा, वेगवेगळ्या जाडीच्या दाण्यांचा चुरा आणि त्यात एक टक्क्याच्या आसपास बोरिक अॅसिड. पाण्याचा थेंबही नाही. ओतण्याआधी मासमधून चुंबक फिरवतात, कारण लोखंडाचा एखादा कणही आत राहिला तर तो तापतो, वितळतो आणि त्या जागी भोक पडायला सुरुवात होते. तळाला सुमारे १०० मिलिमीटरचा थर ओतायचा, अणकुचीदार दातांच्या फोर्कनं तो खोलवर टोचून हवा बाहेर काढायची, मग ठोकायचा. पुढचा थर ओतण्याआधी खालच्या थराचा गुळगुळीत झालेला माथा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खरवडून घ्यायचा. हे खरवडणं विसरलं तर दोन थरांमध्ये पापुद्रा राहतो आणि धातू तिथूनच आडवा शिरतो. तळ पाणसळीने बघून घ्यायचा, त्यावर पत्र्याचा फॉर्मा बरोबर मध्यावर उभा करायचा, चारी बाजूंचं अंतर मोजायचं, मग बाजू भरायच्या, तशाच थराथराने. फॉर्मा एका बाजूला सेंटिमीटरभर सरकला, तर त्या बाजूची भिंत तेवढी बारीक होते. शंभर मिलिमीटरच्या भिंतीत हा दहावा हिस्सा झाला.

मग सिंटरिंग, म्हणजे भाजणं. ताशी १०० अंशांच्या आसपास, दमाने. बोरिक अॅसिड आधी आपलं पाणी सोडतं, मग त्याचं काचेसारखं बंधन होतं आणि दाणे एकमेकांना चिकटतात. ५७३ अंशांना क्वार्ट्झचा स्फटिक एकदम रूप बदलतो आणि फुगतो. हा टप्पा धसमुसळेपणाने ओलांडला तर भिंत तडकते. शेवटी रोजच्या कामाच्या तापमानापेक्षा पन्नासेक अंश वर नेऊन तासभर तरी धरून ठेवायचं. फॉर्मा या पहिल्या हीटमध्येच, म्हणजे धातूच्या पहिल्या घाण्यातच, वितळून धातूत जातो.

इतकं करून तयार होणारी भिंत एकसंध नसते, आणि ती तशी असूही नये. धातूकडचा साधारण एक तृतीयांश भाग काचेसारखा कडक भाजलेला, मधला अर्धवट चिकटलेला आणि कॉइलकडचा चक्क भुसभुशीत चुरा. हा मागचा चुराच खरा राखणदार. पुढच्या कडक थरात भेग पडली तरी ती चुऱ्यापर्यंत येऊन थांबते, कारण सुट्या दाण्यांना भेग पडत नाही, ते सरकून बसतात. अस्तर लवकर पक्कं व्हावं म्हणून कोणी बोरिक अॅसिड वाढवतं तेव्हा नुकसान इथे होतं. भाजणं खोलवर जातं, चुरा संपतो, भिंत आरपार कडक होते आणि मग भेगही आरपार जाते.

रोजच्या वापरात सिलिकाच्या अस्तराचे शत्रू ठरलेले आहेत. गंजका भंगार माल सगळ्यात वाईट. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. तो सिलिकाशी मिळून जे संयुग करतो ते १२०० अंशांच्या आसपासच पातळ होतं. दुसरा शत्रू म्हणजे विनाकारण चढवून ठेवलेलं तापमान. ओतीव लोखंड १५०० च्या वर बराच वेळ धरून ठेवलं, की लोखंडातला कार्बन अस्तराच्या सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतो. तपासणीत कार्बन घसरलेला आणि सिलिकॉन चढलेला दिसतो. ते वाढलेलं सिलिकॉन आपल्याच भिंतीतून आलेलं असतं. तळाच्या कोपऱ्यात झीज सगळ्यात जास्त होते, कारण तिथे ठोकणं अवघड असतं आणि वरच्या सगळ्या धातूचा दाब तिथे येतो. अर्थ लीकेजचा, म्हणजे कॉइलमधून जमिनीकडे गळणारी वीज दाखवणारा काटा चढायला लागला तर धातू कॉइलच्या दिशेने निघाला आहे किंवा अस्तरात ओल शिरली आहे, असंच धरून चालायचं. काटा बिघडला असेल म्हणून आणखी एक हीट काढण्याचा मोह जिवावर बेततो.

सुट्टीनंतर थंड भट्टी चालू करताना भिंतीत बारीक भेगा दिसतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. भाजलेल्या सिलिकातला क्रिस्टोबलाइट (सिलिकाचंच दुसरं स्फटिकरूप) २०० ते २७० अंशांच्या पट्ट्यात थंड होताना आक्रसतो, तापताना तिथेच फुगतो. भेगा मिटतात, पण त्यांना तेवढा वेळ मिळाला तर. धातू वितळण्याआधी भिंत आतून तापलेली हवी. थंड भट्टीत वितळलेला धातू ओतणं म्हणजे उघड्या भेगांमध्ये तो भरणं.

याच स्वभावामुळे दगडी कोळशाचा कोक करणाऱ्या कोक भट्ट्यांची गोष्ट वेगळी होते. त्यांच्या भिंती सिलिका विटांच्या. नवी कोक भट्टी पहिल्यांदा तापवायला दोन-अडीच महिने लागतात, कारण सिलिकाचं बहुतेक सगळं फुगणं ६०० अंशांच्या आत उरकतं. त्या पट्ट्यात दिवसाला किती अंश चढायचं याचा तक्ता असतो आणि तो काटेकोर पाळतात. ६०० ओलांडल्यावर मात्र हीच वीट तापमानातले चढउतार निमूट सोसते. म्हणून कोक भट्टी एकदा पेटवली की तिला पुन्हा थंड होऊ देत नाहीत. अशा भट्ट्या तीस-चाळीस वर्षं अखंड तापलेल्या राहतात.

हल्ली विटांपेक्षा कास्टेबलचं काम वाढलं आहे. कास्टेबल म्हणजे रिफ्रॅक्टरीचं काँक्रीट: अॅल्युमिनाचे दाणे, कॅल्शियम अॅल्युमिनेट सिमेंट, धुळीइतका बारीक सिलिका, म्हणजे मायक्रोसिलिका, आणि पाणी. सगळी मेख पाण्यात आहे. कमी सिमेंटच्या कास्टेबलला ५ टक्क्यांच्या आसपास पाणी लागतं. २५ किलोच्या पोत्याला सव्वा लिटर. अर्धा लिटर जास्त पडलं की ते ७ टक्के झालं. आता मिक्सरमध्ये काय घडतं ते बघा. कोरडं मिश्रण मिनिटभर फिरवून पाणी घातलं की पहिली दोन मिनिटं माल कोरडाठाक, मातीच्या ढेकळांसारखा दिसतो. मिक्सर कण्हतो. याच वेळी उभा राहणारा माणूस अस्वस्थ होतो आणि डबाभर पाणी आणखी ओततो. ते ओतलं नसतं तर पुढच्या मिनिटा-दोन मिनिटांत मायक्रोसिलिकाचे कण सुटे होऊन दाण्यांच्या फटीत शिरले असते आणि तोच माल एकाएकी मऊ, चकचकीत झाला असता. पाण्याचं माप मोजक्या भांड्यानेच घ्यावं, पाणी पिण्यायोग्य असावं, आणि ते दोन मिनिटं थांबायचा धीर मिक्सरवाल्यात असावा.

साध्या, जास्त सिमेंटच्या कास्टेबलची परीक्षा हातावर होते. मुठीत गोळा वळायचा, फूटभर वर उडवून झेलायचा. फुटला तर पाणी कमी, बोटांमधून ओघळला तर जास्त, किंचित चपटा होऊन हातात राहिला तर बरोबर.

कास्टेबलला धरून ठेवणारे अँकर २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेलच्या पोलादाचे असतात. हे पोलाद तापल्यावर कास्टेबलच्या जवळपास तिप्पट वाढतं. म्हणून अँकरच्या टोकांना मेण किंवा डांबर लावतात, नाहीतर प्लास्टिकच्या टोप्या घालतात. ते जळून गेलं की वाढायला जागा मिळते. हे टाळलं तर प्रत्येक अँकर पाचरीसारखा कास्टेबल फोडतो. व्ही आकाराचे अँकर एकाआड एक काटकोनात वळवून लावायचे, म्हणजे भेगा एका रांगेत जुळत नाहीत.

ओतून व्हायब्रेटर दिल्यावर २४ तास कास्टेबल ओलं, झाकलेलं ठेवायचं आणि विस्तवाला जवळ येऊ द्यायचं नाही. थंड हवेत, २० अंशांच्या खाली बसवलेलं काम जास्त जपावं लागतं. सिमेंटचे जे संयोग थंडीत होतात ते वाफेच्या वाटा बुजवतात, आणि वाफेची वाट हाच पुढचा प्रश्न आहे. बंदिस्त वाफेचा दाब २०० अंशांना वातावरणाच्या पंधरापट होतो, २५० अंशांना चाळीसपट. कोवळ्या कास्टेबलमध्ये तो झेलण्याची ताकद नसते. म्हणून मिश्रणात केसासारखे पॉलिप्रोपिलीनचे तंतू असतात. १६० अंशांच्या पुढे ते वितळतात आणि वाफेला बारीक बोगदे मोकळे करून देतात. तंतू असले तरी घाई चालत नाही. ताशी २०-२५ अंश, १२०-१५० ला थांबा, ३५० च्या सुमारास थांबा, ६०० च्या आत आणखी एक थांबा. प्रत्येक थांब्याला दर २५ मिलिमीटर जाडीमागे तासभर, हा जुना हिशोब आजही कामाला येतो. बर्नरची ज्वाला थेट भिंतीवर पडू द्यायची नाही. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारं साधन, भिंतीजवळ हवा. चिमणीजवळ लावलेला थर्मोकपल खुशाल ३०० दाखवत असतो, आणि ज्वालेसमोरची भिंत तोवर ५०० ओलांडून गेलेली असते. उत्पादन थांबलेलं असतं, वरून फोन येत असतात, आणि तीन दिवसांचं वाळवणं एका दिवसात उरकण्याचा हुकूम होतो. मग २०० ते ४०० च्या दरम्यान तोफेसारखा आवाज होतो आणि भिंतीचे ढलपे उडतात. वाचवलेले दोन दिवस दोन आठवडे होऊन परततात. हा दोष मिस्त्रीवर टाकणं अन्यायाचं आहे.

विटांच्या बांधकामात घाई सांध्यात दिसते. मॅग्नेशियाची वीट १००० अंशांना सुमारे १.४ टक्के वाढते, म्हणजे दहा मीटरच्या भिंतीत १४ सेंटिमीटर. फायरक्लेची वाढ याच्या निम्म्याहून कमी. ही वाढ सामावायला मधे जळून जाणारा पुठ्ठा ठेवतात. पुठ्ठे कमी पडले तर विटा एकमेकींना चिमटतात आणि तोंडाकडच्या कडा ढलप्यांनी निघतात. जास्त झाले तर फटीतून धातू किंवा वायू मागे जातो. मॅग्नेशियाच्या विटांचं आणखी एक: त्यांना पाऊस लागता कामा नये. पाणी शोषून मॅग्नेशियाचा हायड्रॉक्साइड होतो, त्याचं आकारमान दुपटीहून जास्त, आणि वीट भट्टीचं तोंड न बघताच भुगा होते. गोदामात त्या जमिनीपासून उंच फळ्यांवर, कोरड्या ठेवायच्या.

काही मरणं गुपचूप येतात. फायरक्ले विटेत लोखंडाचे बारीक डाग असले आणि भट्टीत कार्बन मोनॉक्साइड असला, तर ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान त्या डागांवर काजळी साचत जाते. डाग फुगतो, वीट आतून फुटते. ही फूट भिंतीच्या कडक तापलेल्या तोंडाशी न होता मागच्या कोमट भागात होते, म्हणून ती दिसत नाही. काचभट्टीच्या सिलिका छतात सोड्याची वाफ बारीक सांध्यातून वर चढते, थोड्या थंड जागी पोचून पातळ होते आणि तिथली सिलिका विरघळवते. खालून बोटभर फट दिसते, आत बिळासारखी पोकळी झालेली असते.

इंधन वाचवण्याच्या हौसेचाही एक धोका सांगायला हवा. विटेमागे उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिक फायबरचा जाड थर घातला की बाहेरचा पत्रा थंड होतो आणि सगळे खूश होतात. पण वीट मात्र मागपर्यंत जास्त तापते. आधी विटेत दोन सेंटिमीटर शिरून गोठणारा स्लॅग आता पाच सेंटिमीटर आत जाऊन गोठतो. गोठलेला जाड थर आणि मागची निरोगी वीट वेगवेगळ्या मापाने वाढतात, आणि पुढच्या थंड-गरम फेऱ्यात तो सगळा थर एकदम सुटतो. फायबर घालण्याआधी तापमानाचा उतार नव्याने मांडलाच पाहिजे.

पोलादाच्या कन्व्हर्टरमधली मॅग्नेशिया-कार्बन वीट मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. मॅग्नेशियाचे दाणे, १० ते १८ टक्के ग्राफाइट, रेझिनचं बंधन. ग्राफाइटला स्लॅग ओला करू शकत नाही, म्हणून तो आत शिरत नाही. पण हवेत ६०० अंशांच्या पुढे ग्राफाइट जळतो. बर्नरला हवा जास्त सोडून रिकामा लॅडल, म्हणजे वितळलेलं पोलाद वाहून नेण्याचं भांडं, तासन्‌तास तापवला, तर पोलाद यायच्या आधीच विटेचं तोंड पोकळ झालेलं असतं. कन्व्हर्टरमध्ये स्लॅगला आधीच डोलोमाइटमधून मॅग्नेशिया खाऊ घालतात. पोट भरलेला स्लॅग विटेकडे वळत नाही. वर नायट्रोजनच्या झोताने तोच स्लॅग भिंतीवर शिंपडून लेप देतात, आणि अशा अस्तरांनी दहा हजारांहून जास्त हीट काढल्या आहेत.

अस्तर तोडण्याचा दिवस बहुतेक ठिकाणी कचरा काढण्याचा दिवस समजला जातो. त्या धुळीत स्फटिकी सिलिका असते, ती फुप्फुसात बसते ती कायमची. सिरॅमिक फायबरही बरीच वर्षं तापून त्यात क्रिस्टोबलाइट झालेला असतो. आधी पाणी मारायचं, गाळणीचा मुखवटा घालायचा, नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही. सिमेंट भट्टीतल्या जुन्या मॅग्नेशिया-क्रोम विटांवर पिवळी झाक दिसली तर ते विषारी, पाण्यात विरघळणारं क्रोमियम असू शकतं. त्या विटांवर पाणी मारायचं नाही, पावसातही उघड्या टाकायच्या नाहीत, वेगळ्या झाकून ठेवायच्या.

आणि तोडताना मोजायचं. दर दोन-तीन थरांमागे, चारी दिशांना, उरलेली जाडी. मॅग्नेशिया-कार्बनची एखादी वीट अखंड काढून मधोमध कापायची. पुढे स्लॅगचा काळा लेप, मग ग्राफाइट जळून गेलेला दोन-तीन मिलिमीटरचा राखाडी, ठिसूळ पट्टा, मग अचानक गर्द काळी, जशीच्या तशी राहिलेली वीट. राखाडी पट्टा जाड असेल तर हवा तपासायची, लेप खोल शिरला असेल तर स्लॅग. तोंडाला समांतर भेग असेल तर तापवण्याचा तक्ता काढून बघायचा. ज्या थरात १०० मिलिमीटर उरली आणि ज्यात ३० च उरली, ते दोन्ही थर नकाशावर नोंदवायचे, म्हणजे पुढच्या अस्तरात कुठे जाडी वाढवायची आणि कुठे विटेची जात बदलायची ते विटा मागवण्याआधीच ठरतं.